सुंदरबाई आणि नवऱ्याची चरबी

अड्याळच्या सुंदरबाईचा कशावरच पटकन विश्वास बसत नसे. बाजारात ती मिरची चाखून घेई आणि दूध बोटावर धरून बघे. तिचा नवरा गोमाजी हातमागावर लुगडी विणायचा. बसून बसून त्याचं पोट चांगलंच सुटलं होतं.

१९८४ च्या हिवाळ्यात नागपूरहून एक डॉक्टर आले. बैठं काम करणाऱ्यांनी रोज दमछाक होईपर्यंत पळायचं, आणि सुरुवातीला व शेवटी पोटाच्या कातडीखालची थोडी चरबी सुईनं काढू द्यायची, असं त्यांचं म्हणणं होतं. गोमाजी लगेच तयार झाला आणि पहिली सुई घेऊनही आला.

"चरबी नेऊन करते काय हा मानूस?" सुंदरबाईनं विचारलं.

"तपासते म्हने."

"तपासाले नागपुरात चरबी नाही काय?"

विहिरीवर बायका बोलत होत्याच. कोणी म्हणे साबण बनवतात, कोणी म्हणे इंजेक्शन.

गोमाजी सकाळी तलावाच्या पाळीवर पळू लागला. तीही मागोमाग जाऊन बाभळीआड उभी राही. हिवाळा सरला तरी पोट फारसं उतरलं नाही. पण तो आता न थांबता पळे, आणि तिला तेही खटकलं.

दुसऱ्या सुईच्या दिवशी ती दवाखान्यात जाऊन बसली. "माह्यासमोर काढा."

नळीत हळद लागलेल्या कण्यांसारखे पिवळे कण आले.

"चरबी म्हणजे नुसता साठा नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "तिच्यात प्रथिनं असतात. साठवलेलं बाहेर काढायचं, पुन्हा भरायचं काम ती करतात. खूप मेहनत केली की ती बदलतात का, ते बघायचंय."

"बदलली तं चांगलं का वाईट?"

"अजून माहीत नाही."

"मंग उरलं ते वापस द्या."

डॉक्टर हो म्हणाले.

उन्हाळ्यात ते खरंच एक छोटी बाटली घेऊन आले. गोमाजीची काही प्रथिनं वाढली होती, काही घटली होती. पळणाऱ्या बाकीच्या विणकरांत तसं दिसलं नव्हतं. का, ते त्यांनाही कळलं नव्हतं.

सुंदरबाईनं बाटली उजेडात धरली आणि गोमाजीकडे बोट केलं. "हे यांचंच कशावरून?"

"माझ्या शब्दावरून," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर तिनं परसात खड्डा खणला आणि बाटली पुरली.

"माहं नसन, तं पुरतं कायले?" गोमाजीनं विचारलं.

"कोनाचं का असेना," ती माती दाबत म्हणाली, "मानसाचं आहे."