टिळा लावलेला राजा

टर्पेंटाइनचा वास आला की आमच्या गावच्या नदीवरल्या राजघाटाजवळची आमची खोली आठवते. वडिलांचं पॉवरलूमवरचं काम सुटलं होतं. परदेशी शौकीन जमवतात ते कथलाचे बोटभर पुतळे आई नि मी घरी रंगवायचो. चूलही त्यावर, माझं कॉलेजही. एकदा किल्ले बांधत सुटलेल्या एका जर्मन राजाचे पुतळे आले. मी कॉलेजात होते, तेवढ्यात आईनं नमुन्याप्रमाणे सगळ्यांचे झगे निळे रंगवले आणि वर स्वतःच्या मनानं प्रत्येकाच्या कपाळी लाल टिळा लावला. काम देणारा व्यापारी भडकला, “काकी, ये क्या किया? पूरा माल वापस!” आई म्हणाली, “राजा हाय ना भाऊ? मंग कोऱ्या कपाळानं कसा धाडू?” मी मध्ये पडून संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. टिळे पुसता पुसता आईला राजाची गोष्ट सांगितली: किल्ल्यांपायी कर्जात बुडाला, मंत्र्यांनी वेडा ठरवून गादीवरून उतरवला, शेवटी तळ्यात मेलेला सापडला. “एवढं बांधलं, अन् राहाले भेटलंच नाही?” म्हणत आईनं शेवटचा टिळा हळूच पुसला. माल पास झाला, काम टिकलं. त्या वर्षी मी बी.ए. झाले. आमच्या अख्ख्या खानदानात पहिली ग्रॅज्युएट मी, हे आजही ताठ मानेनं सांगते.