मालकांचा फोटो

सोनपेठच्या एसटीत माझ्या शेजारी साठीच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत रुमालात गुंडाळलेला फोन. माझ्या फोननं आपणहून एक जुना फोटो समोर आणला, तो त्यांनी पाहिला.

"माझा बी असंच करायचा," त्या म्हणाल्या. "मालक वारले. अन् मी भाकरी थापायले, हात पिठाचे, डोक्यावर पदर न्हाई, तवर यकदम मालक समोर! आठवण माझी, अन् वेळ कंपनीनं ठरवायची व्हय, दादा?"

मग त्यांच्या लेकीनं सगळे फोटो कंपनीकडून काढून घेतले आणि एका साध्या अ‍ॅपात ठेवून दिले. आता ते फोनच्या बाहेर कुठंच जात नाहीत. हे अ‍ॅप आपणहून काही दाखवतही नाही.

"मग आता?" मी विचारलं.

"आता वाटलं की मीच जाते त्यांच्याकडं."

बस थांब्यावर थांबली. त्यांनी रुमाल सोडला, फोनची काच पदरानं हळूच पुसली. तोच पदर डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत नीट ओढला, आणि मगच फोटो उघडला.

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.