अमेरिकन काकांचं अंगणातलं कोर्ट

अमेरिकन काकांनी अमेरिका कधी पाहिली नव्हती. सारी हयात साताऱ्याच्या जिल्हा कोर्टात घालवलेला हा वकील नातवाचं तोंड बघायला सिडनीला आला, महासाथीत विमानं बंद झाली आणि हॅरिस पार्क या उपनगरातल्या आमच्या भाड्याच्या इमारतीत तो अडकला. मी त्यांच्या मुलीच्या, मुग्धाच्या, खालच्या मजल्यावर राहायचो. रोज सकाळी वरून इंग्रजीत वादावादी ऐकू यायची. मला वाटलं, मुग्धाचं नवऱ्याशी बिनसलंय. न राहवून वर गेलो, तर काका बाल्कनीत डोळे मिटून, चहाचा कप पोटावर ठेवून, मोबाइल ऐकत बसलेले. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती घरी बसून फोनवर सुनावण्या घेऊ लागले होते आणि त्या ऐकायला साऱ्या जगाला मुभा होती; आमच्या मध्यरात्री झालेली सुनावणी काका सकाळी लावत. "बस, पण बोलू नकोस," काका म्हणाले. "वकील अडचणीत आलाय."

ते दिवसच अर्धवट झोपेतले होते. स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर माणूस नाही, मिठाईच्या दुकानांचे दिवे चालू पण आत कुणी नाही, आणि दुपार सरता सरत नसे. मी घरून काम करायचो, म्हणजे लॅपटॉप उघडा ठेवून खिडकीबाहेर बघायचो. काकांच्या बाल्कनीत गेलं की मात्र कुठेतरी काहीतरी घडतंय असं वाटायचं. एका सकाळी मी विचारलं, एवढं काय भांडतात हे लोक?

"जुनंच भांडण आहे. राज्यघटनेतल्या शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्यांच्या काळात जो होता तोच धरायचा, की काळाबरोबर तो वाढू द्यायचा? तिथले प्राध्यापक यावर हमरीतुमरीवर येतात."

"आणि तुम्ही कुठल्या बाजूचे?"

"सकाळी पहिल्या, चहा झाला की दुसऱ्या." हे बोलताना त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की मला हसावं की नाही कळेना.

त्या प्राध्यापकांची ऑनलाइन व्याख्यानंही ते सोडत नसत. प्रश्न विचारायचा हात वर करत आणि नाव पुकारलं की ताडकन उभे राहत. बसून बोलणं म्हणजे कोर्टाचा अपमान, ही आयुष्यभराची सवय. त्यामुळे कायद्याच्या त्या थोर पंडितांना पडद्यावर फक्त काकांचं पोट आणि पायजम्याची नाडी दिसायची. मुग्धा मागून ओरडायची, "बाबा, सिट डाउन! ते तुमचा चेहरा शोधतायत!" काका तिला हातानेच गप्प करत आणि पोटाचा युक्तिवाद पुरा करूनच बसत. उत्तर मिळालं की दिवसभर खूश असत.

त्यांचा एक नियम होता. ज्याला जे पटतं, त्याने आधी त्याच्या विरुद्ध बाजूनं बोलायचं, आणि तेही जीव तोडून. इमारतीच्या मागे कपडे वाळत घालायच्या अंगणात नीलमोहराचं झाड होतं, तिथे हे कोर्ट भरायचं. तेव्हा अमेरिकेत वाद पेटला होता की साथ आहे म्हणून एखादं आरोग्य खातं, संसदेला न विचारता, भाडेकरूंना घराबाहेर काढू नका असं घरमालकांना बजावू शकतं का. मी जन्माचा भाडेकरू, त्यामुळे काकांनी मला घरमालक केलं. मी असा काही बोललो की मला माझ्याच घरमालकाची कीव आली आणि स्वतःचा रागही आला. काका टाळी वाजवून म्हणाले, "आता तुला तुझी बाजू कळली."

या सगळ्यात एक गोष्ट काका कधी बोलत नसत, ती म्हणजे काकू. येतानाच काकूंना थोडं विसरायला होत होतं, म्हणून त्यांना विमानात बसवलं नव्हतं. काकूंच्या धाकट्या बहिणीला सोबतीला ठेवून काका 'तीन महिन्यांत येतो' सांगून निघाले होते. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. आधी काकू नातवाचं नाव विसरल्या, मग मुग्धाचं. एक दिवस काका फोन ठेवून बाल्कनीत आले आणि सुनावणी न लावता नुसतेच बसून राहिले. "मला 'अहो' म्हणाली नाही आज," ते म्हणाले. "'नमस्कार' म्हणाली."

वर्ष संपत आलं आणि मायदेशी जाणाऱ्या खास विमानात एक जागा मिळत होती. काकांना जायचंच होतं. मुग्धा हटून बसली होती. या वयात, शुगर असताना, तिकडे साथ असताना? नो वे. दोन दिवस घरात अबोला झाला. शेवटी काकांनीच सुचवलं की अंगणात जाऊ, आपल्या नियमानं बोलू, आणि न्यायाधीश म्हणून मला बसवलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

आधी काका उभे राहिले, न जाण्याच्या बाजूनं. "हा म्हातारा वाटेत आजार घेईल आणि त्याच बाईच्या घरात नेऊन सोडेल," ते म्हणाले. "आणि समजा, धडधाकट पोचला. ती त्याला ओळखेल याची काय हमी? न ओळखलं, तर हा कुणाकडे चाललाय?" आवाज जराही हलला नाही. वर नीलमोहर गळत होता, काकांच्या खांद्यावर जांभळी फुलं पडत होती आणि मला वाटलं, ही केस ते जिंकणार.

मुग्धा बाळाला कडेवर घेऊन उठली. "युअर ऑनर," असं हसत सुरू केलं तिनं, आणि मग मराठीवर आली. "आईसाठी बाबा आता टीव्हीतला माणूस झालेत. टीव्हीतल्या माणसाला कोण लक्षात ठेवतं? ओळखू दे, नको ओळखू दे. तिनं हाक मारली तर ओ द्यायला घरात कुणीतरी..." आपण कुणाच्या बाजूनं बोलतोय ते तिच्या तेव्हाच लक्षात आलं असावं.

जावं, एवढंच म्हणालो. मुग्धा बाळाच्या पाठीत तोंड खुपसून रडली. काकांनी कोर्टाला वाकून नमस्कार केला आणि जिना चढताना कुरकुरले, "माझा मुद्दा कायद्याला धरून होता हं." हवं ते मिळूनही हरल्याची रुखरुख त्यांना लागली होती. मला तो माणूस फार आवडायचा. आठवडाभरात ते गेले. त्यांची बाल्कनी पुढे कितीतरी दिवस मला बघवत नव्हती.

विलगीकरण संपवून ते साताऱ्याला पोचले आणि महिन्याभरानं मला फोन आला. मी घाबरत विचारलं, काकूंनी ओळखलं का?

"नाही रे. दार उघडलं आणि म्हणाली, वकीलसाहेब कोर्टात गेलेत, बसा. पक्षकार समजली मला. एकदा सांगून पाहिलं, अगं मीच तो. तर इतकी घाबरली की मी लगेच माफी मागितली. तेव्हापासून रोज ओसरीवर पक्षकार म्हणून बसतो. चहा देते, समोर बसते आणि नवऱ्याबद्दल सांगत राहते. किती हुशार, किती सज्जन, तुमची केस जिंकणारच बघा. संसारात एवढं कौतुक तिनं माझ्या तोंडावर कधी केलं नव्हतं."

मग मी विचारलं, "आणि काका, संध्याकाळ झाली की?"

"संध्याकाळी तिला वाईट वाटतं," काका म्हणाले. "म्हणते, आज साहेबांना फार उशीर झाला, तुम्ही जेवूनच जा."