बुबुळावरचं फूल

लढाईच्या दिवसांत मी सांगलीला डोळ्यांच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. कुंडलकडची एक सून सासऱ्याबरोबर आली. उसाच्या पात्यानं तिचं बुबुळ कापलं होतं, आणि घरच्यांनी आठवडाभर त्यात तुरटीची पूड घातली होती. बोरिकच्या पाण्यानं मी डोळा धुतला, तरी ती हलली नाही. फक्त पदर मुठीत आवळून बसली.

"फूल पडलंय, आता नजर येणार नाही," डॉक्टर सासऱ्यावर चिडले. "लगेच का आणली नाहीत?"

"सुगी हुती, सायेब."

"बैलाच्या डोळ्यात कुसळ गेलं तवाबी सुगीच हुती," ती शांतपणे म्हणाली. "त्याला त्याच दिशी डाक्टरकडं न्हेलं."

मी तिच्या त्या डोळ्यावर पट्टी बांधली. जाताना पायरीवर सासऱ्यानं आधाराला हात पुढं केला. तिनं तो झटकला आणि चाचपडत एकटीच खाली गेली.