उघड्या दाराचे संशोधक

नगरला आमच्या शेजारी एक संशोधक राहायचे. पांढऱ्या उंदराला काळ्याची कातडी लावायची आणि शरीर ती का झिडकारतं ते पाहायचं, हाच त्यांचा ध्यास. मूळचे शनिशिंगणापूरचे, बिनदाराच्या घरात वाढलेले. त्यामुळे इथंही दार कायम सताड उघडं, पिंजऱ्याचं झाकणसुद्धा नुसतं टेकवलेलं.

एका सकाळी ते धावत आले. "चला, काळं ठिगळ टिकलं!" आम्ही सगळे कौतुकाने गेलो, तर रिकाम्या पिंजऱ्यापाशी मांजर मिशा चाटत बसलेलं.

मी कुलूप आणून दिलं. त्यांनी ते पिंजऱ्याला लावलं, घराचं दार उघडंच ठेवलं आणि मांजरापुढे दुधाची बशी सरकवली.

"अहो, हे काय?"

"आलेल्याला झिडकारायचं काम शरीराचं," ते म्हणाले, "आपलं न्हाई."