काळ्या केसांचं मूळ

जगातली कुठलीही वस्तू आधी जिभेवर ठेवायची आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवायचा, असं मानणारा शिकलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो इथे अमेरिकेत, कॅरी गावात आमच्या शेजारी राहतो. काका मूळचे नागपूरचे. औषधांच्या कंपनीत रसायनशास्त्रज्ञ म्हणून जन्म काढून रिटायर झालेले. त्यांना जेवायला बोलावलं की आमटी गार होणार हे आम्ही धरूनच चालतो, कारण हिंगाला वास कशामुळे येतो हे सांगून झाल्याशिवाय ते पहिला घास घेत नाहीत. आमच्या मागच्या अंगणात लाकडी डेक बांधायला घेतला तेव्हा त्यांनी फळीचा कपचा दाताखाली धरून "ओलं आहे अजून" असा निकाल दिला, आणि तो सहा फुटी अमेरिकन सुतार निमूटपणे सामान आवरून घरी गेला.

काकूंना विसरायला होऊ लागलं, ते आधी किल्ल्या आणि चष्म्यापासून. मग स्वयंपाकघर विसरलं, आणि शेवटी काका. नवरा विसरला नव्हता. तो त्यांना लख्ख आठवत होता, काळ्याभोर केसांचा. घरात मात्र एक पांढऱ्या केसांचा माणूस वावरायचा. एका दुपारी मी थालीपीठं घेऊन गेले तर काकूंनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं. "तो म्हातारा सकाळपासून बसलाय गं," त्या कुजबुजल्या. "आमचे हे घरी नाहीत. जायला सांग ना त्याला." म्हातारा तिथेच ओट्याशी बटाटे सोलत होता. त्याने मान वर केली नाही, पण साल काढणारा हात थांबला.

कलप लावावा, तर त्याने काकांचा चेहरा सुजून भोपळा व्हायचा. म्हणून त्यांनी चिनी दुकानातून एक मूळ आणलं, हो शौ वू. नावाचा अर्थ 'काळ्या केसांचा हो'. हो नावाच्या एका म्हाताऱ्याने ते खाल्लं आणि त्याचे केस पुन्हा काळे झाले, अशी तिकडे कथा आहे. जुनं मूळ माणसासारखं दिसतं म्हणतात. काकांनी माझ्या हातात दिलेल्या मुळाला खरंच दोन पाय होते, आणि मी ते पटकन खाली ठेवलं.

"कच्चं खाल्लं तर जुलाब," काका खुशीत सांगू लागले. "आपल्या सोनामुखीत असतात त्याच जातीची द्रव्यं यात आहेत. काळ्या सोयाबीनच्या रसात घालून वाफवत राहिलं की ती कमी होतात. शिवाय द्राक्षाच्या सालीत असतं त्याच्या नात्यातलं एक द्रव्य आहे. केसांवर त्याचा परिणाम होतो असं उंदरांवर दिसलंय. माणसांचं कोणी नीट तपासलेलं नाही. आणि क्वचित कोणाचं लिव्हर बिघडतं. कोणाचं, ते आधी सांगता येत नाही."

गॅरेजमध्ये कुकर चढला. ओल्या मातीचा आणि करपलेल्या गुळाचा वास आमच्या कुंपणापर्यंत येऊ लागला. मुळं वाफवून वाफवून डांबरासारखी काळी झाली, काका ती रोज खाऊ लागले, आणि उन्हाळा संपता संपता काकांच्या केसांच्या मुळाशी एक करडी रेघ उमटली. ती दिवसेंदिवस गडद होत गेली. मी डोळ्यांनी पाहिलंय. काका म्हणायचे, "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही," पण आरशासमोरून हलायचे नाहीत.

एकदा गेले तर काकू नटून बसल्या होत्या. काकांच्या केसांतून हात फिरवत त्या नागपूरच्या भाड्याच्या खोलीबद्दल बोलत होत्या, जणू ती पलीकडच्या दाराआड होती. काकाही तसंच उत्तर देत होते, तरण्या आवाजात. मला पाहून काकू गोड हसल्या. "तू कशी आलीस?" त्यांनी विचारलं. "तुझा तर अजून जन्म व्हायचाय." मी काकांकडे पाहिलं. केस काळे होते, आणि डोळे हळदीसारखे पिवळे.

मी त्यांना बाहेर बोलावलं. "काका, कावीळ झालीय तुम्हाला."

"माहीत आहे. लघवीचा रंग बघून कळलं मला."

"मग थांबवलं का नाही?"

"तिने मला 'अहो' म्हटलं गं," ते म्हणाले. "फार दिवसांनी."

काकूंना माझ्या नवऱ्याजवळ बसवून मी काकांना तशीच गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. कोणते सप्लिमेंट्स घेता, असं डॉक्टरने विचारल्यावर काकांनी त्याला अर्धा तास शिकवलं. मूळ बंद झालं. लिव्हर हळूहळू सावरलं. केस पुन्हा मुळापासून पांढरे होत गेले, आणि टोकाला उरलेला काळा भाग काकांनी एक दिवस न्हाव्याकडे जाऊन कापून टाकला.

आता दुपारी काकू त्या अनोळखी म्हाताऱ्याला घाबरत नाहीत. "बसा, हे येतीलच इतक्यात," म्हणतात. चहा काकाच करून ठेवतात, काकू तो पुढे करतात. पाहुण्यासारखं खुर्चीच्या कडेला बसून काका विचारतात, "कसे आहेत हो तुमचे हे?" आणि काकू सांगत राहतात. "लग्नाला इतकी वर्षं झाली," काका मला म्हणाले, "पण यातलं काही ती मला कधी बोलली नव्हती." कप रिकामा झाला की ते नमस्कार करून पुढच्या दाराने बाहेर पडतात, घराला सावकाश वळसा घालतात आणि मागच्या दाराने आत येतात.