भिंगरी वजनकाट्यावर

गल्लीत सगळे तिला भिंगरी म्हणत. शिवणयंत्रावर बसली की पाय चालू, आणि उठली तरी पाय चालूच. नवरा म्हणायचा, "हिच्या पायाला भिंगरी आहे, पण जन्मात कुठे गेली नाही." तो पाणीपुरवठ्याच्या पंपावरून निवृत्त झालेला. टाकी भरेपर्यंत वाट बघण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं.

एकदाच ती घाईने निघाली होती, लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला. घाटातून बसने एक दिवस आणि एक रात्र. पोचली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पाळणा रिकामा होता आणि लेक भिंतीकडे तोंड करून निजली होती. "आलीस?" एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून भिंगरीची झोप जी उडाली ती उडालीच.

आता लेकीला पुन्हा दिवस भरले होते. संध्याकाळी ऑपरेशन ठरलं होतं. या वेळी बसचा प्रश्न नव्हता, कारण पोरं जिथे सायकल शिकायची त्या माळावरच्या जुन्या धावपट्टीवर आता विमान उतरत होतं. सरकारची योजना होती. लहान गावांना विमान, निम्म्या जागा बसच्या भाड्याच्या आसपास, कंपनीला तोटा आला तर सरकार भरून देणार. फीत कापली, भाषणं झाली आणि नंतर कितीतरी महिने विमान तिकडे फिरकलंच नाही. अलीकडे येऊ लागलं होतं, पण त्याचा नेम नव्हता. योजनेची मुदतही संपत आली होती, पुढचं म्हणे वरून कळणार. स्वस्तातली शेवटची जागा भिंगरीला मिळाली होती. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

विमानात एकच पिशवी नेता येते म्हणे, आणि तिने तर नऊ महिने झबली, दुपटी, गोधड्या शिवल्या होत्या. धाकटी जाऊ म्हणाली, "अंगावर घाला की, वहिनी. बसमध्ये बोजाला तिकीट लागतं, अंगावरच्या शालीला कोण मागतं?" बसपलीकडे काही ठाऊक नसलेल्या त्या दोघींना हे अगदी पटलं. भिंगरीने दुपटी कमरेला गुंडाळली, त्यावर दोन गोधड्या, त्यावर नवऱ्याचा कोट. मूळची काडी, पण झाली पिंप.

विमानतळ म्हणजे पत्र्याची एक शेड. तिकीट बघायला, सामान ओढायला, धावपट्टीवरची कुत्री हाकलायला एकच माणूस. लोक त्याला एकखांबी म्हणत. सकाळी धुकं होतं. "विमान निघालं की सांगतो," एवढंच तो दर वेळी सांगे. भिंगरी बसली, उठली, दारापर्यंत गेली, परत आली.

"बस जरा," नवरा म्हणाला. "तू चाललीस म्हणून ते लवकर येणार नाही."

"ही तुमची टाकी नाही, भरेपर्यंत बघत बसायला."

ऊन चांगलं तापल्यावर विमान आलं. दोन पंख्यांचं, जेमतेम व्हॅनएवढं. एकखांबीने मोठा काटा मधोमध ओढला. "तापल्या हवेत हे कमी ओझं उचलतं. पिशवी घेऊन एकेकाने वर उभं राहायचं."

भिंगरीने कोट घट्ट ओढून घेतला. माणसालाच मोजतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती चढली. एकखांबीने काटा पाहिला, मग तिचे बसलेले गाल पाहिले.

"काकू, तोंड आणि काटा जुळत नाही."

रांग हसली. पण सगळ्यांची बेरीज झाली तशी तो गंभीर झाला. "ओझं जास्त होतंय. एकाला राहावं लागेल. शेवटचं तिकीट ज्याचं, तो. म्हणजे तुम्ही, काकू."

तिला तो भिंतीकडे वळलेला चेहरा दिसला. तिने तिथेच कोटाची बटणं काढली. कोट, गोधडी, दुसरी गोधडी, मग दुपट्यांचे वेढे. एकेक काढून ती नवऱ्याच्या हातात देत गेली.

"अजून किती जण आहेत आत?" मागून नळाच्या सामानाचा जाडजूड व्यापारी म्हणाला.

पुन्हा मोजलं. अजून थोडं जास्तच होतं. तिने पिशवीही दिली. व्यापाऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि आपली लोखंडी पेटी काट्यावरून उतरवली. "तोट्या उद्या गेल्या तरी चालतील."

एकखांबीने काटा पाहून होकाराची मान डोलावली.

गोधड्यांच्या ढिगाआडून नवऱ्याचा आवाज आला, "हे मी बसने आणतो."

"तुम्ही? घाट लागला की तुम्हाला ओकारी येते."

"येऊ दे. तू जा."

वर गेल्यावर विमान हिंदकळलं. तिचे पाय यंत्र चालवावं तसे हलत राहिले. ती मनात म्हणाली, देवा, एवढ्या जवळ आलेच आहे तर सांगते, मला वेळेत उतरव. बाकी तुझ्यावर.

लेकीला आत नेत होते तेव्हाच ती धापा टाकत पोचली. लेकीने खाटेवरून मान वळवली आणि हात पुढे केला.

"आलीस. आणि रिकाम्या हाताने?"

"सामान तुझे बाबा घेऊन येताहेत. बसने."

"म्हणजे बाळ चालायला लागल्यावर मिळेल," लेक म्हणाली. पण हात काही सुटत नव्हता. शेवटी परिचारिकेने तो हलकेच सोडवला.

दार लागलं. भिंगरी बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. नाव घ्यावं तर देवाचंही नाव सुचेना. नुसते पाय चालत होते.

दार उघडलं. "बाळाचे कपडे कोणाकडे आहेत?"

नऊ महिन्यांची शिवण घाटात कुठेतरी ओकाऱ्या काढणाऱ्या माणसाच्या मांडीवर होती. भिंगरीने डोक्याचा रुमाल सोडला. "हा घ्या. सकाळीच धुतलाय." मग धीर करून विचारलं, "रडतंय ना?"

"ऐका की," परिचारिका म्हणाली आणि आत जाताना दार किलकिलं ठेवून गेली.

भिंगरी ऐकत उभी राहिली, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून.